प्रमोशनचं गणित: आपला संघ वर जाणार का, हे आकड्यांतून कसं काढायचं

इंग्लिश फुटबॉलच्या चॅम्पियनशिपचा हंगाम सुरू होऊन जेमतेम दहा सामने होतात, संघ तिसऱ्या क्रमांकावर असतो आणि चाहत्यांची आकडेमोड सुरू होते. "हाच वेग राहिला तर ९५ गुण नक्की!" पुढच्या दोन शनिवारी संघ हरतो आणि तोच माणूस सांगतो की यंदाही आपलं काही खरं नाही. दोन्ही वेळा त्याच्याकडे आकडे होतेच, पण आकड्यांना विचारलेला प्रश्न चुकीचा होता.

हा लेख नवशिक्यांसाठी आहे. लागणारं गणित बारावीपलीकडचं नाही. साधन म्हणून एक्सेल किंवा गूगल शीट्स पुरतं, पायथन येत असेल तर काम लवकर होतं. उदाहरणं इंग्लंडच्या चॅम्पियनशिपची, म्हणजे दुसऱ्या श्रेणीच्या लीगची आहेत. लीग वन आणि लीग टू या खालच्या दोन श्रेणींसाठी रीत हीच, फक्त वर जाणाऱ्या संघांची संख्या तपासून घ्या.

पायरी १: 'वर जाणार का' या प्रश्नाचे दोन तुकडे करा

लीगमध्ये २४ संघ, प्रत्येकाचे ४६ सामने, म्हणजे जास्तीत जास्त १३८ गुण. पहिले दोन संघ थेट प्रीमियर लीगमध्ये, म्हणजे सर्वोच्च श्रेणीत जातात. वर जाणारा तिसरा संघ प्ले-ऑफमधून, म्हणजे हंगामानंतरच्या बाद फेरीतून ठरतो. ही पद्धत १९८६-८७ पासून चालत आली आहे. या लेखात मी २०२४-२५ पर्यंतचे हंगाम वापरले आहेत आणि त्या सगळ्यांत तिसरा ते सहावा असे चार संघ प्ले-ऑफ खेळले. असे नियम कायमचे नसतात. त्यामुळे हंगामाच्या सुरुवातीला पहिलं काम म्हणजे त्या वर्षीची नियमावली वाचणं: प्ले-ऑफला किती संघ, कोण कुणाशी, किती लढती. भल्याभल्यांची मॉडेलं इथेच फसतात, कारण गेल्या वर्षीची फाइल तशीच पुढे ओढलेली असते.

म्हणजे वर जायला दरवाजे दोन आहेत आणि त्यांचा हिशेब वेगवेगळा ठेवावा लागतो. २०२३-२४ मध्ये लीड्सने ९० गुण मिळवले, तिसरे आले आणि लंडनच्या वेम्ब्ली मैदानावरच्या अंतिम सामन्यात साउदॅम्प्टनकडून ०-१ हरून खालीच राहिले. पुढच्याच वर्षी संडरलँड ७६ गुणांवर चौथे आले आणि प्रीमियर लीगमध्ये गेले. तुमच्या तक्त्यात 'प्रमोशन' असा एकच रकाना असेल तर या दोन गोष्टी त्यात मावणार नाहीत. रकाने तीन हवेत: थेट बढतीची शक्यता, प्ले-ऑफ गाठण्याची शक्यता आणि प्ले-ऑफ गाठल्यास तो जिंकण्याची शक्यता.

पायरी २: लक्ष्य किती गुणांचं?

बहुतेक जण इथे दुसऱ्या क्रमांकाच्या संघाचे गुण बघतात. ते चूक आहे. दुसरा यायला दुसऱ्याइतके गुण लागत नाहीत, तिसऱ्याला मागे टाकण्याइतके लागतात. सात हंगामांचे आकडे शेजारीशेजारी ठेवून बघा:

२०१८-१९: दुसरा ८९, तिसरा ८३, सहावा ७४
२०१९-२०: दुसरा ८३, तिसरा ८१, सहावा ७०
२०२०-२१: दुसरा ९१, तिसरा ८७, सहावा ७७
२०२१-२२: दुसरा ८८, तिसरा ८२, सहावा ७५
२०२२-२३: दुसरा ९१, तिसरा ८०, सहावा ६९
२०२३-२४: दुसरा ९६, तिसरा ९०, सहावा ७३
२०२४-२५: दुसरा १००, तिसरा ९०, सहावा ६८

२०२४-२५ मध्ये बर्नलीने १०० गुण केले आणि तरी ते दुसरेच आले, कारण लीड्सचेही १०० होते आणि गोलफरक (केलेले गोल वजा खाल्लेले गोल) सरस होता. पण थेट बढतीसाठी बर्नलीला १०० ची गरजच नव्हती, ९१ पुरले असते. तिसऱ्या संघाचे गुण या सात वर्षांत ८० ते ९० च्या दरम्यान राहिले, सरासरी जवळपास ८५. सहाव्याची सरासरी ७२ च्या थोडी वर.

यातून ढोबळ आडाखा निघतो: ८५ गुणांवर थेट बढती तळ्यात-मळ्यात, ९१ वर ती या सातही हंगामांत मिळाली असती, आणि ७५ वर प्ले-ऑफ बहुतेक वर्षी हाती. 'बहुतेक' म्हणायचं कारण २०२०-२१, तेव्हा सहाव्या संघाचेच ७७ गुण होते. सात हंगाम म्हणजे काही फार मोठा नमुना नाही. जरा मागे गेलात की अपवाद हजर: २०१२-१३ मध्ये हल सिटी ७९ गुणांवर दुसरे आले, तर २०१५-१६ मध्ये ब्रायटन ८९ गुण करूनही तिसरे. मिडल्झब्रोचेही ८९ होते, गोलफरक मात्र दोनने जास्त. जुने तक्ते चाळताना एक लक्षात ठेवा, विजयाला तीन गुण १९८१-८२ पासून मिळू लागले. त्याआधीचे गुण आजच्या गुणांशी ताडून बघू नका.

पायरी ३: वेगाचा भोपळा फोडा

आता सगळ्यांचं आवडतं गणित: आतापर्यंतचे गुण भागिले सामने, गुणिले ४६. दहा सामन्यांत २२ गुण म्हणजे सामन्यामागे २.२, म्हणजे हंगामाअखेर १०१. चॅम्पियनशिपचा आजवरचा विक्रम रेडिंगच्या नावावर आहे, २००५-०६ मधले १०६ गुण. ऑक्टोबरात तुमचा संघ त्या रांगेत बसलेला दिसला तर खुशाल समजा की संघ चांगला आहेच, पण त्याला नशीबही लाभलंय.

उलट्या बाजूनेही तसंच. २०२१-२२ मध्ये नॉटिंगहॅम फॉरेस्टला पहिल्या सात सामन्यांत मिळून एक गुण होता. वेगाच्या हिशेबाने हंगामाअखेर सात गुणही होत नव्हते. प्रत्यक्षात त्यांनी उरलेल्या ३९ सामन्यांत ७९ गुण कमावले, चौथे आले आणि प्ले-ऑफ जिंकून वर गेले.

थोड्या सामन्यांचे आकडे टोकाचे असतात आणि पुढे ते सरासरीकडे सरकतात. त्याची सोय आधीच करून ठेवायची. सोपी युक्ती अशी: संघाच्या खात्यात काही काल्पनिक 'सरासरी सामने' मिसळायचे. साधारण चौथा हिस्सा सामने बरोबरीत सुटतात असं धरलं तर लीगमध्ये एका संघाला एका सामन्यामागे सरासरी १.३७ गुण मिळतात. वरच्या संघाच्या दहा खऱ्या सामन्यांत असे १२ सामने मिसळा:

२२ + (१२ × १.३७) = ३८.४ गुण, २२ सामन्यांत, म्हणजे सामन्यामागे १.७५.

उरलेले ३६ सामने या दराने धरले तर ६३ गुण, हातातले २२ मिळवून ८५. कुठे १०१ आणि कुठे ८५! पहिला आकडा विजेतेपद सांगतो, दुसरा सांगतो की मामला अगदी काठावर आहे. हातातले गुण कुठेच जात नाहीत, हेही बघा. कात्री लागते ती फक्त पुढच्या सामन्यांच्या अपेक्षेला.

हे १२ कुठून आले? थोडे अनुभवातून, थोडे चवीनुसार. जुन्या हंगामांवर ८, १२, १६ असे आकडे लावून ज्याने अंदाज कमी चुकतो तो ठेवा. सगळ्यांना एकच सरासरी लावण्यापेक्षा संघागणिक वेगळी सुरुवात धरणं जास्त चांगलं. नुकताच प्रीमियर लीगमधून खाली आलेला क्लब आणि लीग वनमधून वर आलेला क्लब ऑगस्टमध्ये एका पायरीवर नसतात. खाली आलेल्यांना तीन वर्षांपर्यंत पॅराशूट पेमेंट, म्हणजे घटलेल्या उत्पन्नाची भरपाई मिळते आणि त्या पैशाने त्यांचा संघ बऱ्यापैकी टिकून राहतो. गेल्या हंगामाची कामगिरी आणि ही पार्श्वभूमी मिळून सुरुवातीचा आकडा ठरवा, मग दर आठवड्याला खऱ्या निकालांचं वजन वाढत जाईल. फेब्रुवारी उजाडेपर्यंत काल्पनिक सामन्यांचा फारसा फरक उरत नाही.

पायरी ४: गुण सोडा, गोल मोजा

कोण किती बलवान हे ठरवायला गुणांपेक्षा गोल जास्त बोलके असतात. ०-१ ची हार आणि ०-५ ची हार गुणतक्त्यात सारखीच दिसते. नव्वदाव्या मिनिटाला नशिबाने मिळालेला एक गोल दोन गुणांचा फरक पाडतो, पण संघाची ताकद त्या गोलाने बदलत नाही.

निकालांची फाइल मिळवणं अवघड नाही. फुटबॉल-डेटा.को.यूके या संकेतस्थळावर इंग्लंडच्या वरच्या श्रेणींचे हंगामवार निकाल फुकट मिळतात. तारीख, यजमान, पाहुणे, दोघांचे गोल, एवढे रकाने पुरे. बाकीचे सध्या लपवून ठेवा.

आता प्रत्येक संघाला दोन आकडे द्या, आक्रमणाचा आणि बचावाचा. १ म्हणजे लीगच्या सरासरीइतका. समजा लीगमध्ये संघ सामन्यामागे सरासरी १.३ गोल करतो आणि तुमच्या संघाने १२ सामन्यांत २० गोल केलेत. सरासरी संघाने १५.६ केले असते, म्हणून आक्रमण २० भागिले १५.६, म्हणजे १.२८. पण पायरी तीनमधली कात्री इथेही लावायची: १२ सरासरी सामने मिसळले की तो १.१४ होतो. खाल्लेल्या गोलांवरून बचावाचा आकडा असाच काढा. तिथे १ पेक्षा कमी असणं चांगलं. २०२४-२५ च्या बर्नलीने ४६ सामन्यांत फक्त १६ गोल खाल्ले. त्यांचा बचावाचा आकडा इतका खाली जातो की फॉर्म्युलाच चुकला असं वाटावं.

एक्सजी, म्हणजे अपेक्षित गोल, हाताशी असेल तर जरूर वापरा. प्रत्येक फटक्यातून गोल होण्याची किती शक्यता होती याची ती बेरीज. पेनल्टीची किंमत पाऊण गोलाच्या थोडी वर धरतात, तीस यार्डांवरून मारलेल्या फटक्याची अगदी किरकोळ. पहिल्या दहा-पंधरा सामन्यांत एक्सजी खऱ्या गोलांपेक्षा ताकदीबद्दल अधिक सांगतो. पण नवशिक्याने आधी साध्या गोलांवर पूर्ण यंत्र उभं करावं आणि मग त्यात एक्सजी घालावा. काही जण इतके दिवस एक्सजीचा उत्तम स्रोत शोधत बसतात की हंगाम संपतो.

पायरी ५: एका सामन्याची शक्यता

दोन संघांच्या आकड्यांवरून सामन्यात किती गोल अपेक्षित आहेत ते काढू. समजा लीगमध्ये यजमान संघ सरासरी १.४५ आणि पाहुणे १.१५ गोल करतात. घरच्या मैदानाचा फायदा असा आपोआप हिशेबात येतो. तुमचा संघ यजमान, आक्रमण १.२, बचाव ०.८. पाहुण्यांचं आक्रमण ०.९५, बचाव ०.९.

तुमचे अपेक्षित गोल: १.४५ × १.२ × ०.९ = १.५७
पाहुण्यांचे: १.१५ × ०.९५ × ०.८ = ०.८७

सरासरी माहीत असली की ०, १, २, ३ गोल होण्याची शक्यता पॉयसन वितरण सांगतं. स्प्रेडशीटमध्ये त्याचं तयार फंक्शन आहे, पॉयसन या नावानेच सापडेल. तुमच्या संघासाठी आकडे येतात: शून्य गोल २१ टक्के, एक ३३, दोन २६, तीन १३, उरलेलं त्यापुढे. पाहुण्यांसाठी: शून्य ४२, एक ३६, दोन १६. आता आडव्या ओळीत एकाचे आणि उभ्या रकान्यात दुसऱ्याचे गोल मांडून चौकट भरा, प्रत्येक घरात दोन्ही शक्यतांचा गुणाकार. १-१ च्या घरात १२ टक्के येतील. कर्णावरची घरं म्हणजे बरोबरी. एका बाजूची बेरीज विजय, दुसऱ्या बाजूची पराभव. आपल्या सामन्यात विजय ५४, बरोबरी २५, पराभव २१ टक्के. अपेक्षित गुण १.८६.

घरच्या मैदानावर, आपल्याहून कमकुवत संघाविरुद्ध, तरी जवळपास निम्म्या वेळा जिंकणार नाही! हा तक्ता एकदा हाताने भरून बघितला की "हे तीन गुण तर खिशात" ही भाषा आपोआप थांबते.

पॉयसन धरून चालतं की दोन्ही संघांचे गोल एकमेकांपासून स्वतंत्र आहेत. ते तंतोतंत खरं नाही. ०-० आणि १-१ असे निकाल प्रत्यक्षात थोडे जास्त लागतात. डिक्सन आणि कोल्स या दोन संख्याशास्त्रज्ञांनी १९९७ मध्ये त्यावर एक दुरुस्ती सुचवली, ती आजही वापरात आहे. सुरुवातीला तिच्याविना चालतं.

इलो पद्धतही खूप जण वापरतात. बुद्धिबळासाठी आर्पाद इलो यांनी बसवलेली ही गुणांकन पद्धत एका संघाला एकच आकडा देते आणि प्रत्येक सामन्यानंतर तो बदलते. हाताळायला सोपी, पण ती मुळात गोल सांगत नाही आणि आपल्याला पुढे गोलफरक लागणार आहे. म्हणून माझा कौल पॉयसनला.

पायरी ६: हंगाम दहा हजार वेळा खेळवा

सगळा खटाटोप इथे येण्यासाठी होता. लीगच्या ५५२ सामन्यांपैकी जे उरलेत ते सगळे, फक्त तुमच्या संघाचे नव्हे, संगणकाकडून खेळवून घ्यायचे.

वरच्याच सामन्याने सुरुवात करू. यजमानांच्या गोलांच्या शक्यतांची चढती बेरीज: ०.२१, ०.५४, ०.७९, ०.९३. आता शून्य ते एकमधली यदृच्छ संख्या मागवा, समजा ०.६१ आली. ती ०.५४ आणि ०.७९ च्या मध्ये पडते, म्हणजे दोन गोल. पाहुण्यांसाठी ०.३५ आली. त्यांच्या पहिल्या पायरीची हद्द ०.४२, म्हणजे शून्य. निकाल २-०. असे उरलेले सगळे सामने झाले की गुण आणि गोलफरक मिळवा, तक्ता लावा, तुमचा संघ कितवा आला ते लिहून ठेवा. मग पहिल्यापासून पुन्हा. दहा हजारांपैकी २,२०० वेळा पहिल्या दोनांत आला तर थेट बढतीची शक्यता २२ टक्के.

इथे नवशिक्यांच्या तीन हमखास चुका होतात.

एक, प्रत्येक संघाचे अपेक्षित गुण वेगवेगळे काढून त्यांची तुलना करणं. दोन प्रतिस्पर्धी एकमेकांशी खेळतात तेव्हा दोघांनाही तीन-तीन गुण मिळू शकत नाहीत. हे गुंते संपूर्ण लीग एकत्र खेळवली तरच सुटतात.

दोन, बरोबरी कशी फोडायची ते विसरणं. समान गुण असतील तर आधी गोलफरक, मग केलेले गोल. हे किरकोळ वाटत असेल तर २२ जुलै २०२०, हंगामाचा शेवटचा दिवस आठवा. पाचव्या क्रमांकावरच्या फॉरेस्टचे ७० गुण होते, मागच्या स्वान्सीचे ६७, आणि गोलफरकही फॉरेस्टचा पाचने सरस. फॉरेस्टला नुसती बरोबरी पुरत होती. ते स्टोककडून घरच्या मैदानावर १-४ हरले, स्वान्सीने रेडिंगमध्ये ४-१ विजय मिळवला. सहा गोलांची उलथापालथ होऊन स्वान्सी एका गोलाने प्ले-ऑफमध्ये. ज्याच्या मॉडेलमध्ये गोलफरक नव्हता त्याला हे दृश्य दिसणंच शक्य नव्हतं.

तीन, आणि ही सर्वांत महागात पडणारी: संघांची ताकद आपल्याला नेमकी ठाऊक आहे असं धरणं. तुम्ही आक्रमण १.२ लिहिलंत, पण ते १.१ असेल किंवा १.३. म्हणून प्रत्येक काल्पनिक हंगामाच्या सुरुवातीला प्रत्येक संघाचे आकडे थोडे वर-खाली हलवा आणि तो हंगाम संपेपर्यंत तसेच ठेवा. हे केलं नाही की मॉडेल फाजील आत्मविश्वासाने बोलतं: डिसेंबरातच ९७ टक्के, नाहीतर दोन टक्के. हलवल्यावर तेच आकडे ८८ आणि ८ वर येऊन जरा माणसात येतात.

दहा हजार हा आकडा पवित्र नाही. ३० टक्क्यांच्या आसपासच्या अंदाजात दहा हजार फेऱ्यांची चूक अर्ध्या टक्क्याच्या आत-बाहेर असते, एक हजार फेऱ्यांची दीड टक्क्याची. स्प्रेडशीटवर एक हजारही पुरे, पण मग "आपली शक्यता ३१.४ वरून ३२.१ झाली" म्हणून पेढे वाटू नका.

यंत्र उभं राहिलं की खरी मजा पुढे आहे. शनिवारचा एक सामना 'जिंकला' असा पक्का करून सगळं पुन्हा चालवा, मग 'हरला' असा. एकदा ४१ टक्के आले आणि एकदा २९, तर त्या सामन्याचं वजन १२ टक्के. हेच इतरांच्या सामन्यांवरही करता येतं. आपला सामना नसलेल्या दिवशी कुणाच्या बाजूने ओरडायचं याचं उत्तर बऱ्याचदा अनपेक्षित असतं. थेट बढती हवी असेल तर दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या लढतीत एक निकाल सोयीचा, आणि जेमतेम सहावी जागा हवी असेल तर त्या लढतीशी आपलं जवळपास काहीच देणंघेणं नाही.

पायरी ७: प्ले-ऑफचा हिशेब

चार संघांच्या पद्धतीत तिसरा सहाव्याशी आणि चौथा पाचव्याशी खेळतो, घरी एक आणि बाहेर एक अशा दोन लढती. अंतिम सामना वेम्ब्लीवर, म्हणजे घरच्या मैदानाचा फायदा शून्य. तुमच्या गोलांच्या यंत्रावरच हे सामने खेळवा. दोन लढतींची बेरीज बरोबरीत सुटली तर जादा वेळ आणि पेनल्टी शूटआउट मिळून निम्मं-निम्मं धरा, त्याहून हुशारी करायला जाऊ नका.

चाहते इथे आपल्या संघाला फारच झुकतं माप देतात. चौघांत सर्वांत बलवान असलात आणि उपांत्य फेरी जिंकायची शक्यता ५८ टक्के, अंतिम सामन्याची ५७ टक्के असली, तरी गुणाकार ३३ टक्केच येतो. तीनांतून दोनदा तुम्ही खालीच राहणार. २०२४-२५ मध्ये शेफिल्ड युनायटेड संडरलँडपेक्षा १४ गुणांनी पुढे होते, तरी अंतिम सामना १-२ हरले. २००९-१० मध्ये ब्लॅकपूल ७० गुणांवर सहावे आले आणि तेच वर गेले.

मग शेवटची बेरीज: थेट २२ टक्के, प्ले-ऑफ गाठण्याची ४८, जिंकण्याची २८. ०.४८ × ०.२८ = ०.१३. एकूण ३५ टक्के. मित्रांना सांगताना तिन्ही आकडे सांगा. नुसतं ३५ ऐकून समोरच्याला काहीच कळत नाही.

पायरी ८: फाइलमध्ये न दिसणाऱ्या गोष्टी

गुणकपात ही त्यातली सर्वांत मोठी. शेफिल्ड युनायटेडचे २०२४-२५ मधले ९० गुण हे दोन कापून उरलेले आहेत. २०१९-२० मध्ये विगन दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेले, १२ गुण कापले गेले आणि संघ मैदानावर वाचूनही खालच्या श्रेणीत गेला. २०२१-२२ मध्ये डर्बीचे तब्बल २१ गुण गेले. एखाद्या क्लबवर कारवाईची टांगती तलवार असेल तर मॉडेल दोनदा चालवा, कपातीसह आणि कपातीविना, आणि दोन्ही उत्तरं जवळ ठेवा.

जानेवारीत मुख्य स्ट्रायकर विकला गेला तर आक्रमणाचा आकडा हाताने थोडा खाली आणा. थोडाच! एक खेळाडू म्हणजे अख्खं आक्रमण नव्हे.

नव्या मॅनेजरबाबत हात आखडता ठेवा. मॅनेजरची उचलबांगडी होते ती संघाचं नशीब तळाला गेलेलं असताना, त्यामुळे पुढचे काही निकाल तसेही सुधारणारच होते. नव्याचे नऊ दिवस म्हणतात ते बरंचसं हेच. फॉरेस्टसारखा संघ खरोखर बदलतोही, पण तो बदल तुमच्या यंत्राला दहा-बारा सामन्यांत आपोआप दिसू लागतो. अंगावर येणारा उत्साह हाताने आकड्यांत ओतायची गरज नाही.

पायरी ९: स्वतःचीच परीक्षा घ्या

सामन्याआधी अंदाज लिहून ठेवा, तारखेसह. नंतर आठवून लिहिलेल्या अंदाजाला काही अर्थ नाही.

मोजमापासाठी ब्रायर गुण वापरा. तुम्ही म्हणालात विजयाची शक्यता ७० टक्के. जिंकले तर चूक (१ − ०.७) चा वर्ग, म्हणजे ०.०९. नाही जिंकले तर ०.७ चा वर्ग, ०.४९. सगळ्या सामन्यांची सरासरी जितकी कमी तितकं बरं. प्रत्येक वेळी डोळे मिटून ५० टक्के म्हणणाऱ्याचा गुण ०.२५ येतो, त्याच्याहून वाईट असाल तर यंत्रात कुठेतरी घोळ आहे. शिवाय ज्या-ज्या वेळी ३० टक्के म्हणालात त्यांतल्या साधारण ३० टक्के वेळा ते घडलं का, हेही बघा. हे एकट्या आपल्या संघावर तपासू नका, त्याचा निकाल वर्षातून एकदाच लागतो. चोवीसही संघ आणि सगळे सामने घ्या.

तुलनेसाठी सट्टाबाजाराचे दर उपयोगी पडतात. पैसे लावायला नव्हे, पट्टी म्हणून. समजा विजय १.८०, बरोबरी ३.६०, पराभव ४.७५. प्रत्येकाचा व्यस्त घ्या: ०.५५६, ०.२७८, ०.२११, बेरीज १.०४४. वरचे ०.०४४ म्हणजे बुकीचा वाटा. प्रत्येकाला बेरजेने भागलं की ५३, २७, २० टक्के उरतात. आपल्या ५४, २५, २१ शी हे जुळतं. दर आठवड्याला एकाच संघाबाबत तुमचा आकडा बाजारापेक्षा दहा टक्क्यांनी वर निघत असेल आणि तो संघ तुमचा लाडका असेल, तर कारण शोधायला फार लांब जावं लागणार नाही.

जुन्या हंगामांवर चाचणी घेताना एक पथ्य पाळा. १ जानेवारी २०२३ चा अंदाज तपासायचा असेल तर त्या तारखेपर्यंतचेच निकाल मॉडेलला द्या. लीगची सरासरी, संघांची ताकद, ते १२ काल्पनिक सामने, यांतलं काहीही त्यानंतरच्या आकड्यांवरून ठरलेलं नको. ताकदीचे आकडे संपूर्ण हंगामावरून काढून त्याच हंगामाचं भाकीत केलं तर २०२२-२३ मधली लूटनची बढतीसुद्धा तुम्ही ऑगस्टमध्येच ओळखली होती असं दिसेल.